ग्राफिक्स कार्ड कायम फुल क्लॉकवर ठेवायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीचं थोडंफार कळतं म्हटल्यावर मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी टाकलेत. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त शिव्या आणि स्क्रीनशॉट काढलेत. उदाहरणं जास्त एनव्हिडियाची आहेत कारण विचारणाऱ्यांकडे तीच कार्डं जास्त, एएमडीचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलंय.

१. फुल क्लॉक म्हणजे नक्की काय? माझं कार्ड डेस्कटॉपवर २१० मेगाहर्ट्झ दाखवतं, खराब आहे का?

अजिबात खराब नाही. क्लॉक म्हणजे चिपचा वेग, तो मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. काम नसताना कार्ड झोपतं (यालाच पुढे आयडल म्हटलंय), एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांवर तेव्हा कोअर २१० आणि मेमरी ४०५ मेगाहर्ट्झ दिसते. काम आलं की क्षणात वर जातं. डब्यावर दोन आकडे असतात, बेस आणि बूस्ट, म्हणजे आरटीएक्स ४०६० ला बेस १८३० आणि बूस्ट २४६०, पण गेममध्ये तेच कार्ड २७०० च्या वर गेलेलं दिसतं आणि लोक घाबरतात की दुकानदाराने ओव्हरक्लॉक करून (म्हणजे ठरल्यापेक्षा वेग वाढवून) दिलं की काय. तसं काही नसतं. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची चिप) आलं तेव्हापासून तापमान, व्होल्टेज आणि वॅट या तिन्हीत जागा शिल्लक असेल तर कार्ड स्वतःच वर चढतं. म्हणजे "फुल क्लॉक" असा एक ठरलेला आकडा नाहीच, त्या घडीला परवडेल तेवढा क्लॉक असतो. या वरखाली जाण्याच्या पायऱ्यांना पी-स्टेट म्हणतात, पी० म्हणजे सगळ्यात वरची आणि पी८ म्हणजे झोपलेलं कार्ड.

२. फुल क्लॉक आणि १०० टक्के युसेज एकच ना भाऊ?

नाही, आणि अर्धा गोंधळ इथेच आहे. क्लॉक म्हणजे चिप किती वेगाने टिकटिक करतेय, युसेज म्हणजे तिला काम किती दिलंय. डेस्कटॉपवर क्लॉक लॉक करून ठेवला तर रिक्षा न्यूट्रलला टाकून रेस देत बसल्यासारखं आहे, आवाज होतो, पेट्रोल जातं, पण चढ चढताना जे इंजिनवर येतं ते येत नाही. चिपमधले जे भाग वापरात नाहीत त्यांचा क्लॉक आतल्या आत बंद केला जातो, त्यामुळे १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० रिकाम्या डेस्कटॉपवर फुल क्लॉकला ठेवलं तरी १७० च्या जवळपासही जात नाही. नुसतं पडून असताना १०-१५ वॅट खात असेल तर ३०-४० च्या घरात जातं. वीज लागते क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबाने, आणि क्लॉक वर ठेवला की व्होल्टेजही वर राहतं, म्हणून हा फरक पडतो.

३. सेटिंग कुठे असतं तेवढं सांगा, बाकी माझं मी बघतो

एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, त्यात पॉवर मॅनेजमेंट मोड, तिथे "प्रीफर मॅक्झिमम परफॉर्मन्स". तिथे दोन टॅब आहेत, ग्लोबल आणि प्रोग्रॅम. ग्लोबलला लावलं तर विंडोजचा डेस्कटॉपसुद्धा त्यात आला आणि कार्ड कायम वर, प्रोग्रॅमला लावलं तर तो गेम चालू असेपर्यंतच. प्रोग्रॅम टॅबच वापरा, ग्लोबलला हात लावायची गरज मला क्वचितच दिसते.

दुसरा रस्ता एमएसआय आफ्टरबर्नर हे ॲप, कंट्रोल एफ दाबून कर्व्ह (कुठल्या व्होल्टेजला किती क्लॉक याचा आलेख) उघडायचा, हवा तो पॉइंट निवडायचा, एल दाबायचं आणि अप्लाय, मग कार्ड त्याच व्होल्टेजला चिकटून बसतं, आयडलला पण. तिसरा रस्ता कमांड लाइनवाल्यांसाठी, एनव्हिडिया-एसएमआय, त्यात एलजीसी म्हणजे लॉक आणि आरजीसी म्हणजे लॉक काढणं, ॲडमिन म्हणून चालवावं लागतं आणि रीस्टार्ट केलं की लॉक निघून जातो. लिनक्सवर एनव्हिडिया सेटिंग्जमध्ये पॉवरमायझर आहे, तिथेही हाच पर्याय सापडेल.

एएमडीवर त्यांच्या ॲड्रेनलिन ॲपमध्ये परफॉर्मन्स, मग ट्यूनिंग, तिथे आरएक्स ६००० आणि ७००० मालिकेत मिनिमम फ्रिक्वेन्सीचा स्लायडर मिळतो. गेममध्ये क्लॉक फार खाली पडू नये एवढ्यासाठी तो ठीक आहे, पण मिनिमम आणि मॅक्झिमम अगदी चिकटवून ठेवू नका, शंभरेक मेगाहर्ट्झचं अंतर राहू द्या.

४. सतत फुल क्लॉकवर ठेवलं तर कार्ड जळेल का? आयुष्य कमी होतं का? नीट सांगा, घरच्यांनी पैसे दिलेत

नुसत्या क्लॉकने कार्ड जळत नाही. चिपला त्रास देतात दोन गोष्टी, उष्णता आणि व्होल्टेज, आणि ते दोन्ही वर्षानुवर्षं जास्त राहिले तर चिपच्या आतल्या धातूच्या बारीक वाटा झिजतात. पण स्टॉक (काही न बदललेल्या) कार्डावर कंपनीने व्होल्टेजची मर्यादा आधीच घालून दिलेली असते, तुम्ही मॅक्झिमम परफॉर्मन्स लावून ती ओलांडत नाही, फक्त त्या मर्यादेजवळ जास्त वेळ बसता. आयडलला फुल क्लॉक ठेवून कार्ड ३८ ऐवजी ४८ डिग्रीला बसलं तर त्याने चिप मरणार नाही.

चिपच्या आधी मरतात ते इतर पार्ट. पहिला नंबर फॅनचा, बेअरिंग घासून घरघर सुरू होते. मग थर्मल पेस्ट सुकते किंवा बाजूला सरकते, मेमरीवरचे पॅड तेल सोडतात. कार्ड कायम कोमट ठेवलं की फॅन जास्त वेळ फिरणार, म्हणजे झीज फॅनची. फॅन बदलता येतो ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

आता उलट बाजू. काही जण म्हणतात की गरम-थंड, गरम-थंड होण्यानेच सोल्डर तडकतो, म्हणून कायम गरम ठेवलेलं बरं. यात तथ्य आहे पण अर्धंच. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाला लॅपटॉपमधल्या खराब निघालेल्या चिप्ससाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते, तिथे चिप आणि पॅकेज जोडणारं मटेरियल कमजोर होतं आणि सतत तापणं-निवणं त्याला सोसलं नाही. पण दोष मटेरियलचा होता. आणि आयडलला फुल क्लॉक ठेवून हा चढउतार थांबतही नाही, कारण ४८ वरून गेममध्ये ७५ ला जाणं आहेच की, खालचा आकडा दहाने वर आला एवढंच.

कार्डं खरोखर मेल्याचे जे गाजलेले किस्से आहेत ते बघा, सगळे लोडचे, कूलिंगचे किंवा बनवण्यातल्या दोषाचे. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ च्या मेनू स्क्रीनवर फ्रेमरेटला (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजेच एफपीएस) मर्यादाच नव्हती, साध्या मेनूत कार्डं तापायची, गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने फ्रेम कॅपच्या (फ्रेमरेटवर मर्यादा घालणाऱ्या) दोन ओळी फाईलमध्ये टाकायला सांगितल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ ड्रायव्हर फॅन नीट फिरवत नव्हता, मागे घ्यावा लागला. २०२१ ला न्यू वर्ल्डच्या बीटामध्ये आरटीएक्स ३०९० गेली, कार्ड बनवणाऱ्या ईव्हीजीएने नंतर सांगितलं की थोड्या कार्डांत सोल्डरिंगचा दोष होता. यात कुठेही "क्लॉक लॉक केला म्हणून गेलं" असं नाही. म्हणून घाबरायचं असेल तर मेनूत ९०० एफपीएस दिसतात त्याला घाबरा, फ्रेम कॅप लावा.

५. मग एफपीएस किती वाढतील?

जड गेममध्ये जवळपास शून्य. तिथे युसेज ९७-९९ टक्के असतो आणि कार्ड आधीच परवडेल तेवढ्या वर गेलेलं असतं, सेटिंग त्याला आणखी काय वर नेणार. जे व्हिडिओवाले "हे एक सेटिंग बदला, ३० टक्के एफपीएस वाढवा" म्हणतात त्यांनी बहुतेक वेळा आधी लॅपटॉप चार्जर काढून टेस्ट केलेली असते. फायदा होतो तो वेगळ्या ठिकाणी, पुढचं उत्तर बघा.

६. जुने गेम अटकतात, व्हॅलोरंटमध्ये मधेच क्लॉक अर्ध्यावर येतो, तेव्हा तरी लावू का?

हो, ही खरी वेळ. गेम हलका असला की कार्डाला वाटतं काम संपलं, क्लॉक खाली आणतं, मग अचानक स्मोक पडतो, चार जण एकदम समोर येतात, आणि क्लॉक परत वर चढेपर्यंत एखादा झटका बसतो. जुने गेम, एम्युलेटर, १४४ एफपीएसवर कॅप केलेले ईस्पोर्ट्स गेम, इथे त्या प्रोग्रॅमपुरतं मॅक्झिमम परफॉर्मन्स लावायला हरकत नाही. ज्या गेममध्ये एनव्हिडियाचं रिफ्लेक्स सेटिंग आहे तिथे "ऑन प्लस बूस्ट" हेच काम करतं, सीपीयू अडवत असताना कार्डाचा क्लॉक पडू देत नाही, मग वेगळं सेटिंग कशाला.

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांचाही हाच प्रश्न येतो, ऑडिओत टिक-टिक, पॉप. कधी कधी ग्राफिक्स ड्रायव्हर क्लॉक वरखाली करताना सिस्टीमला थोडा वेळ अडकवून ठेवतो, तिथे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या प्रोफाईलला हे सेटिंग लावून बघा, लेटन्सीमॉनमध्ये (असा अडथळा मोजणारं टूल) आधी आणि नंतर मोजून बघा. फरक नाही पडला तर परत नॉर्मलला आणा.

७. लाईट बिल किती वाढेल?

स्वतः हिशोब करा, सोपा आहे. आयडलला २५ वॅट जादा जातात असं धरू. पीसी दिवसाला १० तास चालू असेल तर महिन्याला साडेसात युनिट. डाऊनलोड लावून २४ तास चालूच ठेवणारे असाल तर १८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ७५ किंवा १८० रुपये. महावितरणचं बिल स्लॅबवर असतं हे मात्र विसरू नका, १०० च्या आत असणारं घर १०० ओलांडलं की वरच्या युनिटांना भाव बराच जास्त लागतो, आणि वहन आकार, इंधन समायोजन वगैरे वेगळंच. रक्कम मोठी नाही, पण बदल्यात मिळतंय काय, तर रिकामा डेस्कटॉप वेगात रिकामा.

हे सगळं आयडलचं. गेम चालू असताना कार्ड तसंही वर असतं, तिथे बिलात फारसा फरक नाही.

८. आम्ही चंद्रपूरचे. मे महिन्यात खोलीच ४२ ला असते, मग?

मग कायम फुल क्लॉकचा विचार तुमच्यासाठी नाहीच. खोली जितकी तापते साधारण तितकंच कार्डही वर सरकतं, फॅन जोरात फिरून थोडं सावरतो इतकंच. हिवाळ्यात ६८ ला चालणारं कार्ड मे मध्ये ८० च्या पुढे, आणि बऱ्याच एनव्हिडिया कार्डांची तापमानाची मर्यादा ८३ ला ठेवलेली असते, तिथे पोचलं की क्लॉक आणि व्होल्टेज कापलं जातं. त्याच्या आधीसुद्धा तापमान चढत जातं तसतसा बूस्ट १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरत असतो. म्हणजे लॉक लावूनही उन्हाळ्यात फुल क्लॉक मिळणार नाही, उष्णता मात्र मिळेल.

अंडरव्होल्ट करा, म्हणजे कार्डाचं व्होल्टेज कमी करा (प्र. १२), कॅबिनेटची पुढची जाळी काढून ब्लोअर मारा, आणि मागची बाजू भिंतीला चिकटवू नका. कूलरवाल्यांना एक, डेझर्ट कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. कोकणातल्यांचा त्रास वेगळा, तिथे दमट हवा आणि धूळ मिळून हीटसिंकवर लेप बसतो तो ब्लोअरने निघत नाही, ब्रश लागतो.

९. मी काहीच सेटिंग केलं नाही तरी मेमरी क्लॉक कायम फुल आहे. व्हायरस आहे का?

व्हायरस असू शकतो, मायनर (तुमच्या कार्डावर गुपचूप क्रिप्टो काढणारा प्रोग्रॅम) लपून बसलेला असतो कधी कधी, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू कॉलम लावून बघा. पण बहुतेक वेळा कारण मॉनिटर असतात. मेमरीचा क्लॉक बदलताना चित्र लुकलुकू नये म्हणून तो बदल दोन फ्रेमच्या मधल्या छोट्याशा रिकाम्या वेळात करावा लागतो. एक मॉनिटर १६५ हर्ट्झचा, दुसरा ६० चा असेल तर दोघांचा रिकामा वेळ जुळतच नाही, मग कार्ड वैतागून मेमरी वरच ठेवतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आलं तेव्हा दोन मॉनिटरवर आयडलला वीज खाण्यावरून एएमडीला बरंच ऐकून घ्यावं लागलं आणि नंतरच्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा केली.

उपाय म्हणजे डेस्कटॉपवर १६५ चं १४४ किंवा १२० करून बघा, दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा. याशिवाय हलते वॉलपेपर, आरजीबीचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ, हे पण कार्डाला झोपू देत नाहीत.

१०. लॉक केलं तरी गेममध्ये क्लॉक पडतोच. लॉक म्हणजे लॉक ना?

लॉक म्हणजे विनंती. वॅट आणि तापमानाच्या मर्यादा त्याच्या वर बसलेल्या आहेत, त्या लॉकचं ऐकत नाहीत, आणि ऐकू नयेतच. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये सेन्सर टॅबला पर्फकॅप रीझन नावाची ओळ असते ती बघा. पीडब्ल्यूआर दिसलं तर वॅट संपले, थर्म दिसलं तर गरम झालंय, व्हीरेल दिसलं तर व्होल्टेजची हद्द आली, आणि युटिल किंवा आयडल म्हणजे कामच नाही. पीडब्ल्यूआर आणि व्हीरेल दिसणं नॉर्मल आहे, बिघाड समजू नका.

११. ब्लेंडरमध्ये किंवा एआय मॉडेल चालवताना मेमरी क्लॉक गेमपेक्षा कमी दिसतो, असं का?

क्यूडाचं (एनव्हिडिया कार्डावर हिशोब करून घ्यायची सोय) काम लागलं की जीफोर्स कार्ड पी० ऐवजी पी२ ला जातं, तिथे मेमरी थोडी खाली ठेवलेली असते. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर चालतं, हिशोबात बिट चुकला तर निकाल बिघडतो, त्यामुळे ही खबरदारी समजण्यासारखी आहे. प्रोफाईल इन्स्पेक्टर नावाच्या टूलमध्ये हे बंद करता येतं, पण रात्रभराच्या रेंडरसाठी दोन-चार टक्क्यांच्या मागे लागू नये असं माझं मत. रेंडर आणि ट्रेनिंग हा खरा सततचा लोड आहे, आयडलचं सगळं विसरा, इथे हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला भाग) आणि मेमरीचं तापमान बघा. ३०८०, ३०९० वर जीडीडीआर६एक्स मेमरी आहे, ती ११० डिग्रीला पोचली की कार्ड स्वतःला आवरतं, आणि कोअर मात्र बिचारा ६५ दाखवत असतो.

१२. सतत काम करायचंच आहे, तर योग्य पद्धत कोणती?

अंडरव्होल्ट आणि मधला क्लॉक. प्र. २ मधला व्होल्टेजचा वर्ग इथे कामाला येतो, १.०५ व्होल्टवरून ०.९० वर आणलं तर तेवढ्याच क्लॉकला त्यातली जवळपास पाव वीज वाचते. आफ्टरबर्नरच्या कर्व्हमध्ये ०.९० च्या पॉइंटला कार्ड किती मेगाहर्ट्झ सहन करतं ते हळूहळू वाढवत बघायचं, त्याच्या पुढचा कर्व्ह सपाट करायचा. प्रत्येक चिप वेगळी, मित्राचा आकडा कॉपी करू नका. आणि इथे एल दाबून लॉक करू नका, नुसता कर्व्ह सपाट ठेवा, म्हणजे आयडलला कार्ड झोपेल. वरचा क्लॉक चार-पाच टक्के कमी होतो, आवाज आणि तापमान त्याहून कितीतरी जास्त कमी होतं.

१३. सर, लॅपटॉपला लावलं तर चालेल का?

चार्जरवर, गेमपुरतं, चालेल. ग्लोबलला नको. लॅपटॉपमध्ये एरवी विंडोज सीपीयूमधल्या ग्राफिक्सवर चालतं आणि मोठं कार्ड झोपलेलं असतं, पण एखादं फालतू ॲप त्या कार्डावर जागं राहिलं आणि ग्लोबल मॅक्झिमम असेल तर बॅटरी बघता बघता संपते आणि मांडी भाजते ते वेगळं. शिवाय लॅपटॉपमध्ये अडचण क्लॉकची नसून वॅटची असते. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप हे एकच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत विकलं जातं, तुमच्या मॉडेलला किती दिलेत ते कंपनीच्या पानावर बघा, लॉक लावून ३५ चे ११५ होत नाहीत.

१४. जीपीयू-झेडमध्ये पीसीआय एक्सप्रेस १.१ दाखवतंय, दुकानदाराने फसवलं?

नाही. पीसीआय एक्सप्रेस म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधली लिंक, आयडलला तीसुद्धा वीज वाचवायला खाली येते. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा, ३.० किंवा ४.० होईल. लोड देऊनही १.१ च राहिली तर मग कार्ड काढून स्लॉटमध्ये नीट बसवा.

१५. फुल क्लॉक लावल्यापासून फॅन सुरू-बंद, सुरू-बंद होतोय

अपेक्षितच आहे. बऱ्याच कार्डांचे फॅन ५०-६० डिग्रीपर्यंत बंद असतात, आणि तुम्ही कार्डाला नेमकं त्या उंबरठ्यावर आणून बसवलंय. एकतर क्लॉक मोकळा सोडा, नाहीतर आफ्टरबर्नरमध्ये ३० टक्क्यांवर फॅन कायम फिरता ठेवा. सुरू-बंद होण्यापेक्षा मंद फिरत राहिलेला बरा. मेनू स्क्रीनवर किंवा जास्त एफपीएसला बारीक किणकिण येत असेल तर ती कॉइलची, फॅनची नाही, त्याला फ्रेम कॅप.

१६. मायनिंगचं सेकंडहँड कार्ड २४ तास फुल क्लॉकवर चाललेलं असतं, घेऊ का?

२४ तास चाललेलं असतं हे खरं, फुल क्लॉकवर बहुधा नाही. जाणकार मायनर कोअर आणि वॅट कमी करून मेमरी वाढवायचे, विजेचे पैसे वाचवायला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ही कार्डं बाजारात ओतली गेली. घेताना फॅन हलवून बघा, पॅडचं तेल बोर्डवर आलंय का बघा, समोर बसून अर्धा तास लोड देऊन मेमरीचं तापमान आणि स्क्रीनवर ठिपके बघा. विकणारा "भाऊ एक नंबर कंडिशन, फक्त ऑफिस युज" म्हणाला आणि कार्ड ३०८० असेल, तर भाव पाडून मागा.

१७. परत नॉर्मल केलं तरी क्लॉक खाली येत नाही!

आधी रीस्टार्ट करा, शटडाऊन नको, विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनने ड्रायव्हर पूर्ण नव्याने लोड होत नाही. मग ग्लोबल आणि प्रोग्रॅम दोन्ही टॅब तपासा, एखाद्या ब्राउझरच्या किंवा लाँचरच्या प्रोफाईलला मॅक्झिमम राहिलेलं सापडतं. आफ्टरबर्नर विंडोजसोबत सुरू होऊन जुना लॉक परत लावत असेल तर कर्व्ह रीसेट करा. एवढं करूनही कोअर खाली आला आणि मेमरी वरच राहिली तर प्र. ९ मधला मॉनिटरचा भाग वाचा, घोडं तिथेच पेंड खातंय.